करुणाताईची मेढ

करुणा पाईकराव हे नाव हिंगोलीबाहेर फारसं कुणाला माहीत असायचं कारण नाही. वेबसाइटवर काम करणाऱ्यांची नावं वेबसाइटवर नसतात, आणि करुणाताई तर वेबसाइटसुद्धा बनवत नव्हती. वेबसाइट ज्यावर उभ्या राहतात तो सांगाडा ती बनवायची. मी चार-पाच वर्षं तिच्याबरोबर काम केलं. जे डोळ्यांनी पाहिलं आणि जे तिच्या घरी जेवता-खाताना कानावर आलं, ते सांगते.

वारंगा फाट्यावर तिच्या वडिलांचं, जळबा पाईकरावांचं, टायर-पंक्चरचं दुकान होतं. नांदेडहून येणारा रस्ता तिथं फुटतो. एक कळमनुरीवरून हिंगोलीकडे जातो, दुसरा उमरखेडवरून नागपूरकडे. ट्रकवाले थांबायचे, चहा प्यायचे, आणि जळबाबाबा जॅक लावून चाक खोलायचे. आई सोजराबाई शेतात मजुरीला जायची. करुणाताई हायस्कुलात असताना गावातल्या विहारात साक्षरतेचा वर्ग निघाला आणि आई त्यात बसली. वाचायला आल्यावर तिने काही म्हणून सोडलं नाही. दुकानाच्या पाट्या, एसटीच्या पाट्या, खताच्या पोत्यावरचा मजकूर, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख. अक्षर दिसलं की थांबायचं आणि वाचायचं.

करुणाताईने नांदेडला कॉम्प्युटर विषय घेऊन बी.एस्सी. केलं. हिंगोली परभणीपासून वेगळी होऊन स्वतंत्र जिल्हा झाली त्याच वर्षी ती पुण्याला एका लहान कंपनीत लागली. कंपनी विश्वजीत सरांची. तेही मूळचे परभणीकडचे, त्यामुळे तिची बोली ऐकून हसणारं तिथं कुणी नव्हतं. पानं कशी दिसावीत, बटण कुठं यावं, अर्ज कसा भरला जावा, हे काम तिच्याकडे आलं. हात चांगला बसला. बाजारभावाची एक मराठी वेबसाइट तिने जवळजवळ एकटीने उभी केली.

दोन हजार तीनच्या हिवाळ्यात धाकट्या भावाच्या, धम्मदीपच्या, लग्नासाठी ती गावी आली. खरेदीला मायलेकी हिंगोलीत आल्या तेव्हा ती आईला म्हणाली, "चल, मी काय काम करते ते दाखवते." बसस्टँडजवळच्या नेट कॅफेत दोघी शिरल्या. पत्ता टाकला. पान उतरायला लागलं. वरचं मोठं चित्र पट्टीपट्टीने खाली येत राहिलं, अर्ध्यावर आलं आणि तिथंच थांबलं. खालच्या मजकुराच्या जागी रिकामे चौकोन आणि इंग्रजी चिन्हं.

सोजराबाईंनी पदर सावरून पडद्याजवळ तोंड नेलं. बराच वेळ पाहिलं.

"हे काहून असं दिसून राहिलं? मला तर एक अक्षर लागंना."

"फाँट नाही गं या कॉम्प्युटरमध्ये. पुण्यात बराबर दिसतं."

"मंग हे पुण्याच्या लोकायसाठी हाय का?" आईने विचारलं. तिला टोमणा मारायचा नव्हता, तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

कॅफेवाल्याने मागून सांगितलं, "ताई, ही साइट इथं कधीच उघडत नाही. शेतकरी विचारतात भाव, पण आम्ही बंद करतो. लाईन अडकून राहते."

करुणाताई मला एकदा म्हणाली होती, "आईला वाचता आलं नाही याची लाज नाही वाटली. मला रागच आला. जिच्यासाठी लिहिलंय तिलाच दिसत नाही, आणि पुण्यात आम्ही एकमेकांची पाठ थोपटत होतो."

पुण्याला परतल्यावर तिने विश्वजीत सरांपुढे विषय काढला. पान हलकं करायचं, मजकूर आधी उतरवायचा, चित्रं मागून, आणि अक्षरं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला समजेल अशा एकाच सांकेतिक पद्धतीत, आणायची. सरांनी ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "करुणा, तू म्हणतेस ते खरं आहे. पण आपल्याला काम देणारा माणूस त्याच्या ऑफिसातल्या नव्या मशीनवर पान बघतो. त्याला चित्र हवं असतं."

"मग गावाकडे बघणाऱ्यांसाठी कुणी बनवायचं?"

"बनवेल कुणीतरी."

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात तिने नोकरी सोडली आणि हिंगोलीत यायचं ठरवलं. घरी चूल पेटली नाही इतका गोंधळ झाला असं सांगायला मजा येईल, पण तसं काही झालं नाही. जळबाबाबांनी एवढंच विचारलं, "पुण्याचं काम हितं बसून व्हते का?"

"पुण्याचं नाही करायचं, बाबा. पान इथं बिघडतं. इथं बसल्याशिवाय ते कसं बिघडतं हे कळणार नाही."

"व्हय," ते म्हणाले. "रोडवर बसलेली गाडी नांदेडात बसून दुरुस्त व्हत न्हाई."

खोली शोधताना मात्र तिला तकलीफ झाली. दोन ठिकाणी सगळं ठरलं, आणि आडनाव कळल्यावर घरमालकांना अचानक पाहुणे येणार असल्याचं आठवलं. तिसऱ्या ठिकाणी ती आडनाव आधी सांगूनच आत गेली. ते दुकान उत्तमसिंगांचं, ट्रकच्या स्पेअर पार्टचं. ते म्हणाले, "पाईकराव? फाट्यावरचे जळबाभाऊ? अरे, त्यांच्या हाताचं पंक्चर परत निघत नाही बेटा. ऊपर का कमरा खाली है. देख लो." त्या खोलीत तिने दोन जुने कॉम्प्युटर आणि एक नवा मांडला. जुने मुद्दाम घेतले होते. नेट कॅफेत असतात तसे, विंडोज अठ्ठ्याण्णववाले.

मी तिथं गेले ते दोन हजार पाचमध्ये. मी अबोली. आमचं घर औंढा नागनाथचं, आजोबांपर्यंत देवळाच्या सेवेतलं. वडील, व्यंकटराव, तहसीलमध्ये कारकून. मी बी.सी.ए. झाले होते आणि पुण्याला जायला घरून परवानगी नव्हती. हिंगोलीत वेबचं काम आहे असं मी सांगितलं तेव्हा वडिलांनी विचारलं, "कुणाकडे?" मी नाव सांगितलं. त्यांनी पेपर पुन्हा डोळ्यांपुढं धरला. आई, कालिंदी नाव तिचं, पोळ्या लाटत होती. तिने मान वर न करता विचारलं, "काम शिकवतात का तिथं?" मी हो म्हणाले. "मग उद्यापासून डबा किती वाजता लागेल ते सांग," ती म्हणाली. विषय तिथंच संपला. वडील पुढं वर्षभर करुणाताईचं नाव न घेता "तुमच्या त्या ऑफिसात" असं म्हणत, आणि नंतर एक दिवस तिला आमच्याकडे जेवायला बोलवा म्हणाले.

पहिल्या दिवशी मी विचारलं, आपण कुणाची वेबसाइट बनवतोय? करुणाताई म्हणाली, "कुणाचीच नाही. वेबसाइट बनवणारे सगळे एकच काम पुन्हा पुन्हा करतात. पानाचं डोकं, मेनू, तक्ता, अर्ज, बटण. प्रत्येक जण नव्याने करतो आणि प्रत्येक जण तीच चूक करतो. आपण हे भाग एकदाच नीट बनवायचे. मग कुणीही ते उचलून त्यावर आपलं पान उभं करावं."

यालाच पुण्या-मुंबईत फ्रेमवर्क म्हणायचे. तिने नाव ठेवलं मेढ. छपराला खालून आधार देणारं लाकूड. नाव सोजराबाईंनी सुचवलं होतं आणि फाइलींच्या नावात इंग्रजी चार अक्षरांत बसत होतं, म्हणून ते टिकलं.

काम किती किचकट होतं हे बाहेरून कळायचं नाही. बटणं इंग्रजीच्या मापाने घडवलेली असायची, त्यामुळे 'नोंदणी' लिहिलं की वरची वेलांटी आणि अनुस्वार कापले जायचे. एकच चौकट एका ब्राउझरमध्ये रुंद, दुसऱ्यात अरुंद. गावांची यादी लावायला सांगितली की कॉम्प्युटर कळमनुरी आधी लावायचा आणि कवठा नंतर, कारण त्याच्या लेखी ळ हा ल च्या मागोमाग येतो. आपल्या मुळाक्षरांत ळ ह च्याही नंतर. करुणाताईने त्यासाठी वेगळा क्रम लिहिला. मी म्हणाले, एवढ्यासाठी कोण बघतंय? ती म्हणाली, "कवठ्याचा माणूस बघतोय."

सगळ्यात जास्त दिवस अर्जाने खाल्ले. माणूस कॅफेत बसून अर्धा तास अर्ज भरतो, पाठवा दाबतो, तेवढ्यात लाईन जाते, आणि पान कोरं होऊन समोर येतं. करुणाताईने असं केलं की अर्ज मागच्या दाराने जायचा, समोरचं पान हलायचंच नाही. पोचल्याची खूण परत आली तरच पुढं. आणि लाईटच गेली तर? त्यासाठी भरलेला मजकूर थोडा थोडा त्याच कॉम्प्युटरवर जपून ठेवायचा, आणि अर्ज पोचला की तो पुसून टाकायचा, कारण पुढं त्या खुर्चीवर दुसरा कुणी बसणार. हे जमवताना आम्ही कितीदा तरी भिंतीवरचं बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला. उत्तमसिंग खालून ओरडायचे, "अरे, लाईट तो है, फिर अंधेरा काहून?" करुणाताई वरून शांतपणे सांगायची, "आमीच बंद करून राहिलो, चाचाजी."

दोन हजार सहाच्या पावसाळ्यानंतर पहिली आवृत्ती निघाली. कुणीही वापरावी, बदलावी, अशी खुली. आधी औंढ्यातल्या एका भक्तनिवासाने घेतली, मग नांदेडच्या एका साप्ताहिकाने, मग कॉलेजं. गंमत म्हणजे विश्वजीत सरांच्या कंपनीनेही घेतली. सरांचा फोन आला, "तू म्हणाली होतीस ते तूच बनवलंस की." ती दिवसभर खुशीत होती. सगळे जण मेढीच्या फाइली आमच्या एकाच ठिकाणाहून घ्यायचे. आम्ही सुधारणा केली की सगळ्यांकडे आपोआप पोचायची. ते फार सोयीचं वाटायचं.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये त्याच सोयीने आम्हाला पाडलं.

करुणाताईने बटणांचा भाग नीटनेटका करताना आतली काही नावं बदलली. आमच्या नमुना-पानावर सगळं ठीक दिसलं. सकाळी फाइली नेटवर चढल्या. अकराच्या सुमारास फोन वाजला. जवळा बाजारच्या कॅफेतून एक मुलगी बोलत होती. नाव ज्योती. नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज भरत होती आणि पानाच्या तळाला आमचा नंबर तिला दिसला होता.

"मॅडम, अर्ज पुरा भरला. पण पाठवायचं बटणच न्हाई. आज शेवटची तारीख हाय."

करुणाताईने ते पान उघडलं आणि तिच्या लगेच लक्षात आलं. त्या कॉलेजच्या पानाने जुनं नाव थेट वापरलं होतं. ते नाव आता उरलंच नव्हतं, म्हणून बटण अदृश्य. तिने तिथल्या तिथं जुनी फाइल परत चढवली. आमच्याकडे बटण दिसलं. ज्योतीकडे दिसेना. कॅफेतल्या कॉम्प्युटरने सकाळची बिघडलेली फाइल स्वतःजवळ ठेवून घेतली होती आणि तो तीच दाखवत होता.

"ज्योती, कंट्रोल दाबून धर आणि एफ पाच दाब. घाबरू नको, भरलेलं जाणार नाही."

थोडा वेळ नुसता कॅफेतल्या पंख्याचा आवाज ऐकू आला. मग ती म्हणाली, "आलं. गेला अर्ज. पोचला म्हणून आलं."

करुणाताईने फोन ठेवला आणि लगेच पुन्हा उचलला. "हिने नंबर वाचला म्हणून फोन केला. बाकीच्यांनी केला नसेल," ती म्हणाली आणि कॉलेजच्या प्राचार्यांना लावला. चूक आमची आहे, मुदत वाढवा, असं तिने सरळ सांगितलं. ते म्हणाले, कारण जाहीर करावं लागेल. तिने कारण लिहून दिलं आणि खाली स्वतःचं नाव घातलं.

"ताई, नुसतं मेढीचं नाव टाक ना. तुझं काहून?" मी विचारलं.

"बदल मी केला होता."

मुदत दोन दिवस वाढली. ते दोन दिवस आम्ही बसने फिरलो. ती जवळा बाजार, वसमत, औंढा. मी हिंगोली, कळमनुरी, वारंगा. प्रत्येक कॅफेत शिरायचं, मालकाला समजावायचं, प्रत्येक कॉम्प्युटरमधली साठलेली फाइल पुसायची. काही मालक चिडले, काहींनी पाणी दिलं. ज्यांचे अर्ज अडकले होते त्यांची नावं कॅफेवाल्यांकडून विचारून तिने त्यांना निरोप धाडले. सगळे पोचले का, हे आम्हाला कधी नक्की कळलं नाही. ते तिच्या मनात राहिलं.

परत आल्यावर तिने नवे नियम केले, आणि मेढ बनवण्यापेक्षा ती सांभाळणं हे मोठं काम आहे हे मला तेव्हा समजलं. प्रत्येक आवृत्तीला आपला क्रमांक आणि आपला वेगळा पत्ता. एकदा बाहेर पडलेल्या आवृत्तीला हात लावायचा नाही, तिच्यातल्या चुकीलासुद्धा नाही. दुरुस्ती पुढच्या क्रमांकात. नव्यावर यायचं की नाही हे वापरणाऱ्याने ठरवायचं. एखादं नाव काढायचं असेल तर दोन आवृत्त्या आधी सांगायचं. आणि कोणतीही आवृत्ती आमच्या खोलीतून थेट बाहेर जाणार नाही. आधी ती जवळा बाजारच्या कॅफेत उघडून बघायची, तीही बाजाराच्या दिवशी, गर्दी असते आणि लाईन रडत असते तेव्हा. मी कुरकुर केली. एवढ्याशा बदलासाठी आठवडाभर बाजाराची वाट बघायची? करुणाताई पिशवी खांद्याला लावून बसला निघाली, आणि मी मागोमाग.

त्या सुमारास विश्वजीत सर हिंगोलीत आले. उत्तमसिंगांच्या दुकानावरून जिना चढून वर आले, चहा घेतला आणि मुद्द्यावर आले. त्यांना मेढ पुढं न्यायची होती. पानावर हलणारी चित्रं, सरकणारे मेनू, आणि जुन्या कॉम्प्युटरचं लोढणं सोडून द्यायचं.

"करुणा, विंडोज अठ्ठ्याण्णव मेलं आता. किती दिवस खांद्यावर घेऊन फिरणार?"

"जवळ्यात जिवंत आहे, सर."

"जवळ्यासाठी तू सगळ्यांना मागं ठेवतेस."

"तुम्हाला पुढं जायचंय तर जा. मेढ खुली आहे. प्रत घ्या, वेगळं नाव द्या, हवं ते करा. मी अडवणार नाही. पण हिच्यातून जुनी मशीनं काढणार नाही."

त्यांनी प्रत घेतली. भांडण झालं नाही. पण त्यांच्यामागोमाग पुण्याकडचे बरेच वापरणारे गेले. कॉलेजंही दोन गेली. आमच्याकडे विचारणा करणारे फोन कमी झाले. मला वाटायचं ही आता परत पुण्याला जाईल. ती मात्र रोज ठरल्या वेळी यायची, जुना कॉम्प्युटर चालू करायची आणि कालच्या ठिकाणापासून पुढं सुरू व्हायची.

खरा कस लागला तो वेगळ्याच गोष्टीत. ब्राउझरांमधले फरक मिटवण्यासाठी आम्ही जे लिहिलं होतं, तेच काम करणारी परदेशी लायब्ररी, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या भागांचा संच, फुकट मिळायला लागली. करुणाताईने ती उतरवून घेतली, आठवडाभर वापरून पाहिली, जुन्या मशीनवरही पाहिली, आणि एका दुपारी म्हणाली, "अबोली, आपलं अर्धं फेकावं लागेल."

मला रडू आलं. त्या अर्ध्यात माझी दोन वर्षं होती. "आपलं चालतंय ना? मग कशाला?"

"त्यांचं जास्त चांगलं चालतंय. शंभर माणसं त्यावर बसलेली आहेत. आपण दोघी किती दिवस पुरे पडणार? वेलांटी त्यांना दिसत नाही, ळ त्यांना माहीत नाही, लाईन गेल्यावर काय होतं ते त्यांना ठाऊक नाही. ते आपण करू."

"आणि तू लिहिलेलं?"

"मी लिहिलं म्हणून ठेवायचं का?"

तिने स्वतःच्या हाताने ते काढलं. एक भाग काढायचा, परदेशी भाग त्या जागी बसवायचा, सगळं पुन्हा तपासायचं, मग दुसरा. त्याला दोन हजार आठचं अख्खं वर्ष लागलं. जुन्या आवृत्त्या जिथं होत्या तिथंच राहिल्या, त्यांच्यावर उभी असलेली पानं हललीही नाहीत. चौथी आवृत्ती निघाली तेव्हा ती आधीच्या निम्म्याहून हलकी होती. गेलेल्या कॉलेजांपैकी एक परत आलं. नवी दोन आली. विश्वजीत सरांची प्रत त्यांच्या वाटेने चांगली चालली, आणि तारखेच्या रकान्यातली एक चूक त्यांच्या माणसाने शोधून आम्हाला कळवली. ती दुरुस्ती आम्ही त्याच्या नावासकट घेतली.

दोन हजार नऊच्या थंडीत नेपाळमधून, बुटवल नावाच्या गावातून, एक मेल आला. तिथला एक शिक्षक मेढ वापरून नेपाळी शाळांची पानं बनवत होता. अक्षरं आपलीच, पण क्रम वेगळा, महिने वेगळे. त्याला ते बदल आत टाकून हवे होते. करुणाताईने मेल दोनदा वाचला.

"त्याच्यासाठी आतलं उघडायचं नाही," ती म्हणाली. "प्रत्येक भाषेचं वेगळं बिऱ्हाड बाजूला मांडता येईल अशी जागा करायची. मराठीसुद्धा तिथंच जाईल. म्हणजे उद्या कुणी गोंडी आणली तरी मधलं हलणार नाही." मग खुर्चीवरून उठत म्हणाली, "पाचवी तू काढ."

"मी? म्हणजे सगळी? नियम, क्रमांक, चढवणं?"

"सगळी. मला आठवड्यातून तीन दिवस कळमनुरीला मुलींना हे काम शिकवायला बोलावलंय, आणि मी जाणार आहे. एकीच्या हातात राहिलं तर हे टिकणार नाही."

"आणि मी चुकले तर?"

"मग खाली तुझं नाव टाकायचं आणि दुरुस्त करायचं."

तिने पिशवी उचलली आणि जिना उतरून गेली. मी बुटवलच्या शिक्षकाला उत्तर लिहायला घेतलं. त्याला काय काय लागेल ते विचारलं, आणि त्याच्या गावात कॅफेतले कॉम्प्युटर कोणते आहेत, हेही.